ड्रायव्हर बसवण्याआधीचे चार प्रश्न : नवख्यांसाठीच्या मार्गदर्शनाची चिकित्सा



आजचा विषय वरवर फारच छोटा वाटेल. लिनक्स नव्यानं वापरायला घेतलेल्या माणसाला ग्राफिक्स ड्रायव्हर बसवण्याविषयी जे मार्गदर्शन मिळतं, त्याची आज आपण चिकित्सा करणार आहोत. ड्रायव्हर कसा बसवायचा हे ओघात येईलच. पण आमचा मुख्य प्रश्न वेगळा आहे. हे शिकवणारे शिकवतात कसं, आणि शिकणाऱ्याच्या पदरात शेवटी पडतं काय?

आत्ताच हा विषय का, तेही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ च्या अटी कडक आहेत, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप त्या अटींत बसत नाहीत. अशा लॅपटॉपचा मालक एक तर नवा घेतो, नाही तर कुणाचं तरी ऐकून त्यावर लिनक्स टाकतो. म्हणजे हौस म्हणून येणाऱ्यांपेक्षा गरज म्हणून येणारी माणसं आता जास्त असणार. हौशी माणूस रात्र जागवून बिघाड शोधतो. गरजू माणसाला सकाळी कामाला बसायचं असतं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक उदाहरण समोर ठेवू. २०१७ सालचा एक लॅपटॉप. आत इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, आणि जोडीला एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड. तेव्हा हे लॅपटॉप भरपूर विकले गेले, आणि विंडोज ११ च्या यादीत या पिढीचे बहुतेक प्रोसेसर नाहीत. यावर लिनक्स मिंट बसवलं. स्क्रीन दिसते, वाय-फाय लागलं, सगळं छान. आता मालक म्हणतो, ‘ड्रायव्हर राहिला.’ आणि तो मार्गदर्शन शोधायला लागतो.

त्याला साधारण तीन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला : कंपनीच्या संकेतस्थळावर जा, फाइल उतरवून घ्या आणि चालवा. दुसरा : टर्मिनल उघडा आणि या सहा कमांड एकाखाली एक चिकटवा. तिसरा : मेनूतला ड्रायव्हर मॅनेजर उघडा, शिफारस केलेला पर्याय निवडा, रीस्टार्ट करा. तिघांचा सूर एकच असतो, ‘अगदी सोपं आहे.’ आमचा आक्षेप या सोपेपणावरच आहे. ड्रायव्हर बसवणं हा आधी एक निर्णय आहे, हातकाम नंतर येतं. आणि बहुतेक मार्गदर्शन तो निर्णय शिकणाऱ्याच्या नकळत उरकून टाकतं.

या निर्णयात चार प्रश्न असतात. गरज आहे का? ड्रायव्हर कुठून येतोय? कोणता घ्यायचा? आणि बिघडलं तर परत कसं यायचं? कुठलंही मार्गदर्शन हातात आलं की या चार प्रश्नांवर ते तपासून बघा. आपण एकेक घेऊ.

गरज आहे का?

ड्रायव्हर म्हणजे काय, हे इथे थोडक्यात सांगायला हवं. लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात बसतो. तो कार्डाशी थेट बोलतो, त्याची मेमरी सांभाळतो, स्क्रीनचं रिझोल्युशन ठरवतो. दुसरा भाग वर, आपल्या प्रोग्रॅमच्या बाजूला असतो. खेळ किंवा ब्लेंडरसारखा प्रोग्रॅम जे चित्र मागतो, ते कार्डाला कळेल अशा भाषेत तो बदलून देतो. हा वरचा भाग बहुतेक वेळा मेसा या प्रकल्पातून येतो. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि आज जवळपास प्रत्येक लिनक्सबरोबर तो आपोआप येतो.

इंटेल आणि एएमडी यांच्या कार्डांचे दोन्ही भाग खुले आहेत. एक कर्नलमध्ये, दुसरा मेसामध्ये. म्हणजे ही कार्डं असणाऱ्या माणसानं वेगळं काही बसवायचं नसतंच. कार्ड अगदी नवं असेल तर नवा कर्नल आणि नवं मेसा लागतं, पण त्याला आपण अपडेट म्हणतो. असं असूनही ‘लिनक्स टाकल्यावर लगेच करायच्या गोष्टी’ अशा याद्यांत ड्रायव्हर सरसकट सगळ्यांना सांगितलेला असतो. विंडोजवरची वर्षानुवर्षांची सवय आहे ही. तिथे कोरी प्रणाली टाकली की ड्रायव्हरच्या सीडी शोधायच्या, तसं इथेही असणार असं धरून चालतात.

आपल्या उदाहरणात दोन ग्राफिक्स आहेत, इंटेलचं आणि एनव्हिडियाचं. अशा लॅपटॉपमध्ये समोरची स्क्रीन साधारणपणे इंटेलच चालवतं. मग पत्रं टाइप करणं, हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन वर्ग, सिनेमा, यांतल्या कशालाही एनव्हिडियाचा ड्रायव्हर लागत नाही. तो लागतो खेळांना, ब्लेंडरला, व्हिडिओ संपादनाला, कार्डावर गणितं चालवणाऱ्या कामांना. काही लॅपटॉपवर बाहेरचा मॉनिटर जोडायचं एचडीएमआय एनव्हिडियाकडून येतं, तिथेही तो कामी येतो. यांतलं काहीच करायचं नसेल, तर उत्तर ‘नको’ असं आहे. हे ‘नको’ आम्हाला फार थोड्या मार्गदर्शनांत सापडतं. आपल्या यंत्रात काय आहे ते बघायला ‘एलएसपीसीआय’ ही कमांड पुरते. पुढे डॅश आणि के लावलं की कोणत्या कार्डाला सध्या कोणता ड्रायव्हर लागलेला आहे, तेही दिसतं. ती काही बदलत नाही, फक्त दाखवते. पहिला धडा हा असायला हवा. आधी बघायला शिकवा, मग बदलायला.

कुठून येतोय?

समजा, ब्लेंडर वापरायचंच आहे. मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर लागेल. मिंटबरोबर आधीपासून नूवो नावाचा खुला ड्रायव्हर असतो. कंपनीनं माहिती न दिल्यामुळे स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं बाहेरून तपासत तो लिहिला, आणि २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. काम मोठं आहे. पण जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांत कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय कार्डाचा वेग वाढवताच येत नाही. त्यामुळे नूवो खाली आपलं जीटीएक्स १०५० चालतं, पण पहिल्या गिअरमध्येच. कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर घ्यावा लागतो तो या कारणानं.

आता तो आणायचा कुठून? कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल हा सगळ्यात ओळखीचा रस्ता, आणि नवख्यासाठी सगळ्यात वाईट. कंपनी त्यात काही घातक घालते, असं आमचं म्हणणं नाही. अडचण अशी, की ती फाइल आपल्या डिस्ट्रोच्या पॅकेज व्यवस्थेला न विचारता हव्या त्या जागी फाइली ठेवते. घरातल्या वीजजोडणीचा नकाशा एका माणसाकडे आहे, आणि दुसऱ्यानं त्याला न सांगता भिंतीतून वायर ओढली, तसं हे. त्या दिवशी दिवा लागतो. पुढच्या दुरुस्तीला घोळ होतो.

ही पुढची दुरुस्ती म्हणजे कर्नलचं अपडेट. ड्रायव्हरचा खालचा भाग ज्या कर्नलसाठी बांधला, त्यालाच बसतो. कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो. हे आपोआप व्हावं म्हणून डीकेएमएस नावाची सोय आहे. ती मुळात डेल कंपनीतून आली. मिंट किंवा उबुंटूच्या पॅकेजमधून ड्रायव्हर घेतला, तर नव्या कर्नलबरोबर नवा तुकडा तयार मिळतो किंवा डीकेएमएस तो बांधतं. कंपनीची फाइल चालवतानाही डीकेएमएस हवं का, असा प्रश्न येतो. पण प्रश्नाचा अर्थ माहीत नसलेला माणूस काहीतरी दाबून पुढे जातो. मग तीन आठवड्यांनी एका सकाळी स्क्रीन काळी. तोवर मार्गदर्शकाचा व्हिडिओ संपलेला असतो. त्यात ‘बघा, झालं’ असं दाखवलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. फक्त बिघाड व्हिडिओच्या चौकटीबाहेर घडतो.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. आपल्या डिस्ट्रोच्या हातून घ्या. मिंटवर ड्रायव्हर मॅनेजर, उबुंटूवर ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ची खिडकी. फेडोरा बंदिस्त सॉफ्टवेअर स्वतःच्या मुख्य भांडारात ठेवत नाही, म्हणून तिथे आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं भांडार जोडावं लागतं. आणि तिथे पॅकेज बसल्यावरही ड्रायव्हरचा तुकडा मागे काही मिनिटं बांधला जात असतो. लगेच रीस्टार्ट केलं तर तो अर्धवट राहतो. ‘पाच मिनिटं थांबा’ एवढं एक वाक्य अनेकांचा दिवस वाचवेल.

कोणता घ्यायचा?

इथे मार्गदर्शनाची भाषा सगळ्यात जास्त दगा देते. ‘सगळ्यात नवीन घ्या’ हा सल्ला बघा. आपल्या जीटीएक्स १०५० साठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे, असं एनव्हिडियानं २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यापुढच्या शाखा हे कार्ड ओळखत नाहीत. याहून जुन्या, जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकांतल्या बहुतेक कार्डांची गाडी ४७० वर थांबली. म्हणजे नवा आकडा हा प्रत्येकासाठी चांगला आकडा नाही. कमांडच्या यादीत मात्र आकडा सरळ लिहिलेला असतो, आणि यादी कधी केली त्याची तारीख बहुधा नसते. औषधाच्या बाटलीवर मुदत नसावी, तसंच.

दुसरा शब्द ‘ओपन’. यादीत एकाच आकड्याचे दोन ड्रायव्हर दिसतात, एक साधा आणि एकाच्या शेवटी ‘ओपन’. आपण मुक्तस्रोत प्रणालीवर आलो, तेव्हा ओपन घेणं योग्य, असं कुणालाही वाटेल. पण एनव्हिडियानं मे २०२२ मध्ये जे खुलं केलं, तो फक्त कर्नलमधला खालचा तुकडा आहे. वरचा भाग अजून बंदिस्तच आहे. आणि हा खुला तुकडा २०१८ पासूनच्या ट्युरिंग व त्यानंतरच्या कार्डांवरच चालतो. जीटीएक्स १०५० त्याआधीचं. तिथे ‘ओपन’ निवडलं की कार्ड चालणारच नाही. उलट अगदी नव्या आरटीएक्स ५० मालिकेला ‘ओपन’ प्रकारच लागतो. एक शब्द, दोन कार्डं, दोन उलटी उत्तरं. हे समजावून न देता ‘हवा तो निवडा’ म्हणणं म्हणजे शिकवणं नव्हे.

परत कसं यायचं?

हा चौथा प्रश्न मार्गदर्शनात सहसा येतच नाही, आला तर सगळ्यात शेवटी येतो. आमच्या मते तो आधी यायला हवा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं साधन असतं. ड्रायव्हरला हात लावण्याआधी त्यातून प्रणालीची प्रत घेऊन ठेवायची. दहा मिनिटांचं काम. नंतर स्क्रीन काळी झालीच, तर बहुतेक वेळा यंत्र मेलेलं नसतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की अक्षरांचा साधा कन्सोल उघडतो. तिथे नाव-पासवर्ड देऊन ‘एपीटी पर्ज’नं एनव्हिडियाची पॅकेजेस काढता येतात, की पुन्हा नूवो. किंवा सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून आधीचा कर्नल निवडायचा. किंवा कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ लिहून साध्या चित्रावर आत शिरायचं. हे तीन दरवाजे माहीत असलेला नवखा माणूस घाबरत नाही. न घाबरणारा माणूसच पुढे शिकतो.

पण मंडळी, इथे आपल्या भाषेचा एक खास प्रश्न आहे, आणि तो इंग्रजीतल्या मार्गदर्शनात कधीच येणार नाही. समजा, आपण प्रणालीची भाषा मराठी निवडली आहे. मेनू मराठीत, संदेश मराठीत, सगळं छान. ग्राफिक्स गेलं आणि आपण त्या काळ्या कन्सोलवर आलो. तो कन्सोल जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती ठेवू शकतो आणि जोडाक्षरं, मात्रा जुळवण्याची सोय त्यात नाही. म्हणजे देवनागरी तिथे उमटत नाही. जे संदेश मराठीत येतात, ते नेमके तिथे चौकोन होऊन बसतात. अडचणीच्या क्षणीच भाषा साथ सोडते. उपाय सोपा आहे. कन्सोलवर आल्या आल्या ‘एक्सपोर्ट एलसी अंडरस्कोअर ऑल बरोबर सी’ अशी ओळ द्यायची, ‘सी’ कॅपिटल, म्हणजे संदेश साध्या इंग्रजीत दिसू लागतात. मराठीत मार्गदर्शन लिहायचं, तर ही ओळ त्यात असलीच पाहिजे. नुसतं इंग्रजी पानाचं भाषांतर केलं तर ती कुठून येणार?

आणखी एक जागा. सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळ्या रंगाची एक खिडकी दहा सेकंदांसाठी येते. त्यात ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ती खिडकी बघून माणूस दचकतो, दहा सेकंद जातात, आणि ड्रायव्हर लागत नाही. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंदच करा. चालतं, हो. पण यंत्राचं एक कुलूप आपण काढतोय, हे सांगायला नको? शिवाय त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि त्याला बिटलॉकर लावलेलं असेल, तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती जवळ नसेल तर फोटो, कागदपत्रं आतच अडकली. ड्रायव्हर बसवायला गेलेला माणूस स्वतःच्याच फाइलींना मुकू शकतो, आणि मार्गदर्शकानं तर फक्त ‘सोपा उपाय’ सांगितलेला असतो.

आता न्यायाची बाजूही बघू. कमांड देणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे. खिडक्यांची रूपं प्रत्येक डिस्ट्रोत वेगळी, बटणांची नावं बदलतात. कमांड मात्र नेमकी असते, फोनवरही सांगता येते. आम्ही कमांडच्या विरोधात नाही. पण ‘सुडो’नं सुरू होणारी ओळ म्हणजे सगळ्या घराची किल्ली. ती चिकटवण्याआधी ती काय करते, हे एका वाक्यात सांगणं हे देणाऱ्याचं कर्तव्य आहे. तिसरा रस्ता, ड्रायव्हर मॅनेजरचा, तो आम्हाला तिघांत उजवा वाटतो. तो कार्ड ओळखतो, चुकीचा आकडा टाळायला मदत करतो, परतीचा पर्यायही त्याच यादीत दाखवतो. उणीव एकच. तो ‘शिफारस’ लिहितो, शिफारशीचं कारण लिहीत नाही.

आणि सगळा दोष शिकवणाऱ्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. हा घोळ मुळात का आहे? कर्नलचे विकासक म्हणतात, आतले जोड आम्ही कायम एकसारखे ठेवणार नाही. ड्रायव्हर आमच्याकडे खुला द्या, सांभाळायचं आम्ही बघू. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ही भूमिका एका टिपणात मांडली आहे, आणि ते टिपण कर्नलच्या कागदपत्रांतच आहे. एनव्हिडिया म्हणते, आमची विद्या आम्ही उघडी करणार नाही. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या जाहीर कार्यक्रमात लिनस टोरवाल्ड्स यांनी या कंपनीला मधलं बोट दाखवलं, ते अनेकांनी पाहिलं असेल. दोघांच्या भूमिकेला आपापलं तर्कशास्त्र आहे. पण त्या भांडणाचा खर्च कोण उचलतं? काळ्या स्क्रीनसमोर बसलेला आपला लॅपटॉपवाला.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचं मूळही अशाच एका ठिकाणी आहे, हे इथे आठवावं. रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या नव्या लेझर प्रिंटरच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता त्यांना मिळाली नाही, म्हणून त्यात साधी सुधारणा करता आली नाही. त्या अनुभवाचा त्यांनी पुढे वारंवार दाखला दिला, आणि १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. माझ्या टेबलावरचं यंत्र माझं ऐकतं की दुसऱ्याचं, हा तो प्रश्न. ड्रायव्हर बसवणाऱ्या नवख्यासमोरही तोच प्रश्न असतो. मग त्याला न समजणाऱ्या सहा ओळी चिकटवायला लावणं हे त्या चळवळीच्याच विरुद्ध जात नाही का? मालक बदलला, एवढंच. आधी कंपनीचं ऐकायचा, आता यादी देणाऱ्याचं ऐकतो.

तेव्हा जे कुणी मराठीत असं काही लिहितात, सांगतात, शाळेत मुलांना शिकवतात, त्यांच्यापुढे आमचं म्हणणं एवढंच आहे. सुरुवातीला लिहा, हे कुणाला नको. वर तारीख, प्रणालीची आवृत्ती आणि कार्डाची पिढी घाला. प्रत्येक कमांडपुढे एक वाक्य घाला. आणि परतीचा रस्ता पहिल्या परिच्छेदात द्या. पान दुपटीनं लांबेल, त्यातलं ‘अगदी सोपं’ निघून जाईल. जाऊ द्या. नवख्या माणसाला काम अवघड असल्याचा राग येत नाही. सोपं सांगितलं होतं आणि आपल्यालाच जमलं नाही, या विचारानं तो लाजतो, आणि गुपचूप लिनक्स काढून टाकतो. त्यानं कुणाला विचारलेलंही नसतं, त्यामुळे तो गेला हे आपल्याला कळतही नाही.

ज्यांच्याकडे असा लॅपटॉप आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर काही बसवू नका. फक्त ‘एलएसपीसीआय’ चालवून आपल्या यंत्रात काय आहे ते बघा, कागदावर लिहून ठेवा. टाइमशिफ्टची एक प्रत घ्या. मग गरज आहे का, ते स्वतः ठरवा.